आजचा मासा

दारातच बूट काढायचे.
तशी पाटी नाही कुठे, पण सगळे काढतात,
आणि लोकरी मोज्यांवर आत येतात
आपल्याच स्वयंपाकघरात आल्यासारखे.
नऊ टेबलं. पूर्वी इथे जाळी विणत.
तुळईला अजून डांबराचा वास आहे,
सुपाच्या वाफेने ओलावून तो खाली उतरतो.

मी बोग्ना. पोलंडहून आले, मासळीच्या कारखान्यात,
एका हिवाळ्यापुरती.
कारखाना गेला, हिवाळा राहिला.
आता स्टेनव्होरच्या हाताखाली ताटं वाहते
आणि तिच्या सांगण्यावरून फळ्यावर रोज लिहिते:
आजचा मासा, आपल्याच फ्योर्डचा.

बटाटे उकडायचे, कांदा लोण्यात मऊ करायचा,
मासा हातानेच कुस्करायचा.
"काटे डोळ्यांना दिसत नाहीत," स्टेनव्होर म्हणते,
"बोटांना विचार."
मग दूध, मग जाडसर मिरपूड.
शेजारी राय धान्याचा काळा पाव,
दुधाच्या रिकाम्या खोक्यात भरून
गरम झऱ्याकाठी रात्रभर पुरलेला.
सकाळी तिचा भाऊ केटिल तो उकरून आणतो
शिव्या देत, कारण वर बर्फ आणि खाली चटका.
हा पाव पोटात गेला की ढग गडगडतात,
म्हणून नावच गडगड्या;
पाळकबाईसुद्धा हसतात आणि तिसरा तुकडा घेतात.

(उन्हाळ्यात प्रवासी येतात, कुजवलेला शार्क मागतात,
फोटो काढतात, अर्धा टाकतात.
उरलेला केटिल खातो. माज उतरवावा तसा.)

गुरुवारी ओर्मुर येतो.
एकेचाळीस वर्षं बोटीवर. दोन बोटं विंचने नेली,
उरलेल्या आठांनी सावकाश जेवतो.
बसतो खिडकीशी, जिथून धक्का दिसतो,
धक्क्यावर दिसण्यासारखं काही नसलं तरी.
डोंगरामागून सूर्य यायला अजून अकरा दिवस.
बोट पुतण्याने विकली, बोटीबरोबर कोटाही,
म्हणजे समुद्रावरचा हक्क, किलोत मोजलेला.
तो गेला दक्षिणेला, कुठल्याशा कंपनीकडे.
मासे इथेच पोहतात अजून.
आपण फक्त हात लावायचा नाही.

आमचा मासा ट्रकने येतो,
तीन खिंडी ओलांडून, थर्माकोलच्या पेटीत.
मला माहीत आहे. स्टेनव्होरला माहीत आहे.
वादळात खिंड बंद झाली
की आजचा मासा परवाचा असतो.

त्या गुरुवारी ओर्मुरने पहिला घास घेतला
आणि गालात धरून ठेवला,
उतारावर ब्रेक धरतात तसा.
मी सुपाच्या पातेल्यामागे.
स्टेनव्होर पुसलेलंच टेबल पुन्हा पुसत.
"हॅडॉक," तो म्हणाला. "उत्तरेचा. खोल पाण्यातला."
फळ्याकडे बघितलं त्याने.
माझं अक्षर, जरा तिरकं, खडूचं.
मग पावावर लोणी थापलं, भिंतीला गिलावा करावा तसं,
आणि म्हणाला, "मिरपूड बरोबर पडलीय."
पुन्हा वाढ, अशी ताटली पुढे सरकवली.

इथे जेवण झालं की म्हणतात, माझ्याबद्दल आभार.
पहिल्या वर्षी वाटलं, मीच चुकीचं ऐकते,
स्वतःबद्दल कुणी कसले आभार मानेल?
ओर्मुर भिंत धरून वाकला, बूट चढवले,
आणि तेच म्हणाला, दाराकडे तोंड करून.
"अंगी लागो," स्टेनव्होर म्हणाली.
वारा आत येऊन गेला. दार लागलं.

रात्री फळा पुसताना मी विचारलं, उद्या काय लिहू?
"आजचा मासा," ती म्हणाली. "पुढचं राहू दे."
बराच वेळ भांडी वाजली.
मग आतून, पाण्यात हात असतानाच:
"नको. लिही सगळं.
तो वाचतो."